मीटरमध्ये दोष नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडीचं मीटर पुन्हा टेबलावर आलं. ह्यांची तक्रार तीच, "लाइट मंद हाय. काटा दिसत नाय." दिवाळीच्या आधी मीच ते खोललं होतं. मागचे बल्ब काळे पडले होते, भंगारातून आणलेल्या दुसऱ्या मीटरचे काढून बसवले, लख्ख झालं होतं. इतक्यात परत काय होणार?

जुन्या बॅटरीला जोडून पाहिलं. सगळे दिवे लागले. काटे वर जाऊन खाली आले. हेअर ड्रायरने तापवलं, चमच्याच्या दांड्याने ठोकलं, हलवलं. काही फरक नाही.

कंपनीत सर्किट बोर्डांच्या लाइनवर होते तेव्हा एक नियम होता. दोष डोळ्यांना दिसल्याशिवाय सोल्डर गन टेकवायची नाही. कंपनी दमणला गेली, आम्ही बायका घरी बसलो, नियम माझ्याबरोबर घरी आला. आज दोष दिसला नाही. मग हात लावू कुठे?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. डॅशबोर्ड उघडायला गाडी जनूच्या गॅरेजात जाते, कारण त्या क्लिपा माझ्याकडून तुटतात. आणि जनूच्या दारात ह्याच मॉडेलची एक पांढरी गाडी उभी आहे, कुणा डॉक्टरची म्हणे. हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं. मीटर काय, काच खाली करायचं बटणसुद्धा मिळत नाही. जनूने ह्यांना म्हणायचं मीटर खराब, काढून घ्यायचं, त्या पांढऱ्या गाडीत लावून बघायचं आणि मग माझ्याकडे पाठवायचं. सरळ आहे.

१२ नोव्हें., बुध

मीटर परत पाठवलं. झाकणाच्या स्क्रूवर आणि बाजूच्या प्लास्टिकवर मिळून नेलपॉलिशचा एक थेंब सोडलाय, वाळला की तडकल्याशिवाय स्क्रू फिरत नाही. लाल नाही, पारदर्शक. कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

चिठ्ठी लावताना अडले. प्रत्येक पार्टवर मी चिकटपट्टी लावते, काय बिघडलं होतं ते लिहून. "ड्राय सोल्डर." "कपॅसिटर फुगला." "पाणी गेलं." माळ्यावर फरसाणाच्या डब्यांत सगळे मेलेले पार्ट आहेत, त्यांच्यावरही चिठ्ठ्या. एकाच्या अंगातलं काढून दुसऱ्याला लावते, म्हणून तर गाडी चालते. पण "दोष नाही" अशी चिठ्ठी मी आजवर लिहिली नव्हती. शेवटी "दो. ना." एवढंच लिहिलं.

१५ नोव्हें., शनि

हे पालघरला गेले. एसटीने. गाडी दारात उभी, मीटर बसवून आलेलं, आणि माणूस एसटीने.

"अहो, गाडी का नाही नेत?"

"पार्किंगची कटकट असते."

पालघरला ह्यांनी आजवर पार्किंगची कटकट कधी केली? रस्त्यात कुठेही लावतात आणि वर पोलिसाशी गप्पा मारतात. दुपारी आले ते काळा चष्मा लावून. म्हणाले डोळ्यात धूळ गेली. जेवले नाहीत, पडदा ओढून पडून राहिले. काम काय होतं विचारलं तर "बँकेत". शनिवारी. पासबुक तर कपाटातच होतं.

आता जावयाचं बोलणं आठवतं. दिवाळीला आला होता तेव्हा, "बाबा, विकून टाका ही गाडी." हे नुसते हसले होते. मी नव्हते हसले. निम्मी गाडी माझ्या हातची आहे. इंजिनचा कंप्युटर, ईसीएम, मी दोनदा उठवलाय, जनूने "गेला" म्हणून हातात दिलेला. ती विकायची असेल तर मला सांगून विका, "हे चालत नाय, ते चालत नाय" करत माझ्या पाठीमागून नको.

१७ नोव्हें., सोम

आजची तक्रार: पुढच्या दिव्यांना फोकस नाही. मनोरच्या पुढे सकाळी अंधारच असतो, धुकंही असतं, रस्ता दिसत नाही म्हणे. निवृत्त झाल्यापासून हे रोज पहाटे बोईसरहून चार शिक्षिकांना डोंगराकडच्या आश्रमशाळेत सोडतात आणि दुपारी घेऊन येतात. सूतगिरणीत उभं आयुष्य गेलं, आता ह्या बायांना "मॅडम, बसा" म्हणून दार उघडून देतात. ह्यांना ते फार आवडतं. घरी बसवलं तर माणूस वाळून जाईल, हे मला माहीत आहे.

हेडलाइटचा रिले, दिव्यांना करंट सोडणारी डबी, काढून आणला. उद्या.

१८ नोव्हें., मंगळ

रिले उघडला. काँटॅक्ट स्वच्छ, काळपटसुद्धा नाहीत. गाडीत लावून दिव्यापर्यंत किती व्होल्टेज पोचतं ते मोजलं. पूर्ण पोचतं. शेजारच्या भिंतीवर झोत टाकला तर आतली माणसं बाहेर आली बघायला.

परत दो. ना.

२० नोव्हें., गुरु

जनूकडे गेले. न सांगता गेले. आधी त्या पांढऱ्या गाडीत डोकावले. तिचं मीटर जागेवर, धुळीचा थर इतका की त्यावर कोणी बोट लावलं असतं तर दिसलं असतं. मग दिव्यांचा फोकस लावायला ह्यांनी तिथे सोडलेल्या आमच्या गाडीचं मीटर त्याच्याकडून खाली उतरवून घेतलं. नेलपॉलिश जसंच्या तसं, तडा नाही. बाहेरून काढलं-घातलं, पण खोललं कोणी नाही.

जनू हसत होता. "काकी, तुमचा पार्ट चोरून मी काय करू? तुमी चिकटवलेलं मीटर कोण घेणार?"

"मग माझ्याकडे चांगला पार्ट खराब म्हणून का येतो?"

तो पान्याकडे बघायला लागला. "काकांना इचारा ना."

हे "काकांना इचारा" मला आवडलं नाही. ज्याचे हात साफ असतात तो पान्याकडे बघत नाही. काहीतरी आहे, आणि ते ह्या दोघांच्यात आहे. येताना त्याचा चहा घेतला नाही.

२२ नोव्हें., शनि

आता वायपर. "पुसतच नाय. काच धुरकट राहते." वायपरचा रिले चांगला. मोटर चांगली. रबर मागच्याच महिन्यात नवं. काचेवर मी स्वतः वर्तमानपत्र फिरवलं, आरपार दिसतं.

मीटर, दिवे, वायपर. तीन वेगळ्या वायरी, तीन वेगळे फ्यूज. एकत्र बिघडायला त्यांच्यात सामायिक फक्त अर्थिंग आहे. उद्या अर्थिंग बघायचं.

२३ नोव्हें., रवि

अर्थिंग नीट आहे. मी मूर्ख.

माकुणसारला आईकडे गेलो होतो. मीच म्हटलं चला, म्हटलं गाडी चालताना बघू या. जाताना ऊन होतं, सगळं ठीक. येताना दिवेलागण झाली. मी मीटरवर नजर ठेवून बसले होते.

केळव्याच्या अलीकडे हे म्हणाले, "बघ, गेली ना लाइट."

लाइट होती. काटा चाळीसच्या जरा वर, आकडे पिवळे, स्वच्छ.

"आहे की."

"तुला तिकडून दिसत असेल."

मी वाकून काटा पुन्हा बघितला. मग डावीकडून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई रस्त्यात उतरली. घाईत नव्हती, लपून आली नव्हती. मला ती कधीची दिसत होती. मला वाटलं ह्यांनाही दिसतेय. मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला. बाई शिव्या देत पुढे गेली, पाटीतले बोंबील सांडले नाहीत एवढंच.

"वायपर," हे म्हणाले. "वायपर पुसत नाय."

पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, वायपर चालू नव्हता. घरी येईपर्यंत मी दाराचं हँडल धरून होते. ह्यांनी रेडिओ लावला.

२४ नोव्हें., सोम

सकाळी हे बायांना घेऊन गेले. मी दारात उभी राहिले आणि थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार? मीटर चांगलं आहे म्हणून?

मीटर, दिवे, वायपर. तिन्ही बघण्याच्या गोष्टी आहेत. हॉर्नची तक्रार कधी नाही, क्लचची नाही, एसीची नाही. बोर्ड दिसला की मी बोर्डातच शोधते, ही माझी खोड. बोर्डाच्या समोर माणूस बसलाय हे डोक्यातच आलं नाही.

पण हा अजून संशयच आहे. दोष दिसलेला नाही.

२६ नोव्हें., बुध

दिसला.

डॅशबोर्डच्या खालचा खण पूर्ण बाहेर काढला, मागचे रिले बघायच्या निमित्ताने. निमित्तच, रिले मला बघायचे नव्हते. खणाच्या पाठीमागे, वायरींच्या जुडग्यात, ह्यांचा रुमाल. रुमालात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. अर्ध्याहून कमी उरलेली.

मेडिकलवाल्याला दाखवली. म्हणाला, "काकी, ह्ये काचबिंदूचे थेंब हायत. रोज टाकायचे, चुकवायचे नाय."

"बरं होतं ना त्याने?"

"आहे तेवढं टिकतं. गेलेलं परत येत नाय."

बाटली होती तशी रुमालात बांधून खणामागे ठेवली. गाठसुद्धा तशीच मारली, उजवीकडून.

राग इतका आलाय की लिहिताना पेन टोचतंय. घरात मी आहे, फ्रीज आहे, देवघर आहे, आणि हा माणूस औषध ठेवायला वायरींच्या मागे जातो. म्हणजे त्या शनिवारी बँक नव्हती, डोळ्यांचा डॉक्टर होता. चष्मा धुळीचा नव्हता. आणि बाटली अर्धी संपलीय, म्हणजे तो पहिला शनिवारही नव्हता.

मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आकांत. बरोबर. म्हणून नाही सांगितलं. तरीही.

२८ नोव्हें., शुक्र

बाजारात कल्पनाबाई भेटल्या, त्या चौघींमधल्या थोरल्या. मूळच्या साताऱ्याच्या, भाषा एकदम पुस्तकी. मी सहज म्हणून विचारलं, प्रवास ठीक होतो ना.

"हो काकू, काका फार जपून चालवतात. हल्ली तर मला पुढेच बसवतात. म्हणतात, मॅडम, बोलत राहा, कडेला कोण दिसलं की सांगा. आम्हाला गंमत वाटते. मी आपली सांगत असते, शेळ्या आल्या, मुलं आली, सायकल आली."

मी हसले. घरी येऊन कोथिंबीर फ्रीजऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवली.

ती बिचारी ह्यांचे डोळे म्हणून बसते आणि तिला पत्ता नाही. एखाद्या दिवशी तिला झोप लागली तर? चार बाया. घरी लेकरं आहेत त्यांना.

३० नोव्हें., रवि

जनूला धरलं. गॅरेज बंद होतं, त्याच्या घरी गेले सरावलीच्या मागच्या गल्लीत. म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय उठणार नाही. त्याची बायको चहा घेऊन आली, ह्या वेळी घेतला.

बराच वेळ इकडचं तिकडचं. मग बोलला. पावसाळ्यात काकांनी गॅरेजच्या फाटकाला गाडी घासली. उघड्या, रुंद फाटकाला. दुसऱ्यांदा गाडी घेऊन त्याच्या स्टुलावरून गेले. तेव्हा त्याने विचारलं, आणि ह्यांनी डोळ्यांचं सांगितलं, आणि शपथ घातली.

"काकीला सांगू नको म्हणले. आता काकांची शपथ मी कशी मोडू?"

"आणि मीटर?"

"मीटर बरोबर हाय. काकांना वाटतं लाइट कमी हाय. मी पण म्हटलं, हो, कमी हाय, काढावं लागंल. गाडी तेवढे दिवस उभी राहते ना. माझ्या हातात तेवढंच होतं, काकी."

म्हणजे चांगला पार्ट खराब म्हणून माझ्याकडे येत होता, हा माझा संशय खरा होता. चोर तेवढा नाही निघाला. त्याची माफी मी मागितली नाही. शपथ मोडायला पावसाळ्यापासून दिवाळी उलटावी लागली त्याला, त्याने माझी माफी मागितली नाही, मग मी तरी का मागावी.

पण नवं भूत मागे लागलं. ह्यांना खरंच मीटर मंद दिसतं? की गाडी उभी राहावी असं ह्यांनाही वाटतं, आणि मीटर त्यासाठी आहे?

२ डिसें., मंगळ

आज विचारलं. जेवताना, नजर ताटात ठेवून.

"तुमचे डोळे दाखवून येऊ या का एकदा?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरली?"

"त्या रविवारी ती बाई..."

"ती बाई मधी आली. आणि मीटर दिसत नाय तर माणूस मीटरकडे बघत बसतो, रस्ता सुटतो. मीटर नीट कर. मीटर झालं की सगळं ठीक हाय."

आमटी तशीच ठेवून उठले. आमटीवरून हा माणूस कधी उठत नाही.

समोरासमोर बाटली ठेवायचं धैर्य झालं नाही. ठेवली तर हे दोन गोष्टी करतील. एकतर मुद्दाम गाडी काढतील, मला दाखवायला. नाहीतर कधीच काढणार नाहीत, आणि मग पंख्याखाली बसून राहतील, सूतगिरणीच्या शेवटच्या वर्षी बसायचे तसे. मला दोन्हीची भीती वाटते. पहिलीची जास्त, पण दुसरीचीही वाटते, खोटं का लिहू.

३ डिसें., बुध

गेले. आले. दुपारी फाटक वाजेपर्यंत मी एकही बोर्ड हातात घेतला नाही. एका इन्व्हर्टरचं काम अडलंय, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं.

४ डिसें., गुरु

मीटर मी स्वतः काढलं. क्लिपा तुटल्या, तुटू देत. ह्या मॉडेलमध्ये चावीची ओळख मीटरमधून जाते, मीटर नसलं की इंजिन चालूच होत नाही. हे मला माहीत आहे, जनूला माहीत आहे, आणि ह्यांनाही माहीत आहे.

म्हटलं, "नीट कर म्हणाला होतात ना. बघते आता पुरतं."

"किती दिवस?"

"बघू."

उद्यापुरती बायांनी जीप केली. हे फोनवर तीनदा सॉरी म्हणाले त्यांना, आणि तीनदा माझ्याकडे बघितलं. निदान माझ्या दिशेला.

६ डिसें., शनि

मीटर टेबलावर तसंच पडून. करण्यासारखं त्यात काही नाही. तरी स्क्रू काढते, लावते, गन गरम करते, फ्लक्सचा वास घरभर जाऊ देते. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं नाटक करतेय. लाइनवर कोणी असं केलं असतं तर मी तिची तक्रार केली असती.

हे दोनदा येऊन उभे राहिले.  माझी टेहळणी करतात की काय, अशी शंका आली. मी त्यांची करतेय, मग त्यांनी का करू नये.

जनूचा फोन. "काकी, किती दिवस चालवणार ह्ये?" मी म्हटलं, तू किती दिवस चालवलंस?

७ डिसें., रवि

संध्याकाळी मीटर बॅटरीला जोडलेलं होतं. सगळे दिवे लागलेले, काटे शून्यावर, आकडे पिवळेधमक. मी वायर काढायच्या आधीच हे आत आले. लपवायला वेळ नव्हता. टेबलासमोर उभे राहिले, माझ्यापासून हातभर.

"लागतंय का?" विचारलं.

पिवळा उजेड ह्यांच्या सदऱ्यावर पडला होता. सरळ मीटरकडेच बघत होते. मला कळेना, दिसतंय आणि विचारतायत की दिसत नाही म्हणून विचारतायत.  दोन्हींपैकी काय बरं, तेही ठरवता येईना.

"नाही," मी म्हटलं. "नाही लागत."

खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. 

"मग त्या बायांना कळव. उद्याचंपण जीपचं बघा म्हणावं."

"तुम्ही सांगा."

"तू सांग. तुला त्यातलं समजतं."

कल्पनाबाईंना फोन लावला. मीटर गेलंय म्हटलं. त्या म्हणाल्या, अरेरे, पण होईल ना काकू दुरुस्त, काकांशिवाय आम्हाला करमत नाही. मी म्हटलं, बघतेय, पार्ट मिळत नाही, कधी होईल सांगता येत नाही. मी बोलत होते तोवर हे माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी हात पुढे केला, एकदा टेबलाची कड लागली, मग बॅटरी लागली, आणि लाल वायर उचलून बाजूला ठेवली. मीटर विझलं.

फोन ठेवला तेव्हा म्हणाले, "बॅटरी उतरते उगाच."